डुला म्हणजे डुलत बसायचं काय?

मागच्या अंकात कळा सुरू झाल्यावर घरच्यांनी काय करायचं ते लिहिताना शेवटी दोन ओळी डुलाबद्दल लिहिल्या होत्या, की बाळंतपणात बाईजवळ पहिल्यापासून शेवटपर्यंत थांबणारी, त्याचं शिक्षण घेतलेली सोबतीण असते तिला डुला म्हणतात आणि मी गेली नऊ वर्षं कोल्हापुरात हेच काम करते. बस्स, तेवढ्यावर पत्रांचा गठ्ठा आला. सगळी छापणं शक्य नाही, सहा घेतलीत. नावं गाळलीत, राजारामपुरीच्या पत्रातला गल्लीचा नंबरसुद्धा गाळलाय, कारण आपल्याकडं तेवढ्यावरनं पण माणूस सापडतंय.

ताई, मला सातवा चालू आहे, पहिलंच आहे. आई नाही मला. नवरा पुण्याला कंपनीत, शनिवार-रविवार येतो. सासूबाई मायाळू आहेत पण त्यांना बीपी आहे आणि मला कळा आल्या की माझ्याआधी त्याच रडायला लागतील अशी परिस्थिती. मी डुला बघूया म्हटलं तर त्या म्हणाल्या, "डुला म्हणजे काय, तिथं डुलत बसायचं काय?" नेमकं करता काय तुम्ही? डिलिव्हरी तुम्हीच करता का?
— राजारामपुरी

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की त्यांनी निम्मं काम बरोबर ओळखलंय. खरंच डुलायचंच असतंय गं. कळ आली की पलंगावर उताणं पडून राहण्यापेक्षा भिंतीला, खिडकीच्या गजाला नाहीतर कुणाच्या तरी गळ्यात हात टाकून कंबर डावीकडं-उजवीकडं डुलवली की बाळाच्या डोक्याला खाली सरकायला वाट मिळते, आणि उताणं झोपल्यावर पोटाचं सगळं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतंय ते वेगळंच. शब्द मात्र आपला न्हवे, ग्रीक आहे, मूळ अर्थ दासी. बाळंतिणीच्या मदतनीस बाईसाठी तो १९७३ साली डॅना राफेल ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी वापरला आणि तिथनं तो पसरला. मला स्वतःला दासी वगैरे काही आवडत नाही, पण दुसरा शब्द रुळेपर्यंत हाच.

डिलिव्हरी मी करत नाही. आतून तपासत नाही, पिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, सलाईन-इंजेक्शनला हात लावत नाही. ते सगळं डॉक्टर आणि सिस्टरांचं. सुईणही मी न्हवे, सुईणीचं लक्ष बाळ कुठं आलं इकडं असतंय, माझे हात तुझ्या कमरेवर असतात.

आता काय करते ते. दिवस भरायच्या आधी दोन-तीन वेळा घरी येऊन बसते, चहा होतो, तुझी फाईल बघते म्हणजे त्यातले शब्द तुला कळतात की नाही ते बघते, तुला कशाची भीती वाटते ते विचारते. भीती विचारणं महत्त्वाचं, कारण घाबरलेलं अंग आवळतं आणि आवळलेल्या अंगाला कळ जास्त लागते. (एकीला फक्त सुईची भीती होती, कळांची अजिबात नाही, आणि घरचे चार महिने तिला कळांबद्दलच धीर देत बसलेले.) कळा सुरू झाल्या की तू फोन करायचास. पहिलटकरणीला साधारण पाच मिनिटाला एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं, त्याआधी दवाखान्यात जाऊन नुसतं छताकडं बघत पडण्यापेक्षा घरी गरम पाण्यानं आंघोळ, पेज, जमेल तेवढी झोप. पण पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं दुखून डोळ्यापुढं अंधारी आली तर मिनिटं मोजत बसायचं नाही, मला पण फोन नंतर, आधी दवाखाना.

आणि मग तिथं मी उठत नाही. ऐकायला किरकोळ वाटतंय पण खरं काम हेच. सिस्टरांची ड्युटी बदलते, डॉक्टर मॅडमना ओपीडी असते, शेजारच्या पलंगावर दुसरी बाई येते, तुझ्यासमोर चेहरे बदलत राहतात, त्यात एक चेहरा तोच राहतो. पाठीच्या खालच्या हाडावर तळव्यानं दाबून धरणं, पाण्याचा घोट, घाम पुसणं, लघवीला जाऊन ये म्हणून आठवण, कुशी बदलणं, दम टाकताना सोबत दम टाकणं. एक वेळ अशी येतेच की बाई म्हणते "मला नाही जमत, काय पण करा पण सोडवा मला", पुष्कळदा तो शेवटचा टप्पा असतो, पिशवीचं तोंड सात-आठ सेंटिमीटरच्या पुढं उघडल्यावरचा, आणि ते तिला त्या क्षणी सांगायला कुणीतरी लागतं. डॉक्टर काही करायचं म्हणाले तर मी मध्ये बोलत नाही, तुला विचारायला लावते: का करायचं, तासभर थांबलं तर काय होईल, दुसरा काही मार्ग आहे का. एवढं शांतपणे विचारलं तर बहुतेक डॉक्टर नीट सांगतात, माझा तरी तोच अनुभव आहे. आणि घाई असेल तर घाई आहे असं सांगतात, मग प्रश्न बंद, सही करायची.

दोन गोष्टी तुझ्यापुरत्या. नवऱ्याला सदतीस आठवडे झाले की घरनं काम करायची परवानगी काढायला सांग, पहिलं बाळंतपण सहसा पुण्याहून यायला वेळ देतं पण पावसात घाटात ट्रक आडवा झाला तर काय घ्या. आणि दवाखान्यात आत्ताच विचारून ठेव की डुलाला आत घेतात का. मला एका दवाखान्यात, महिनाभर आधी बोलणं झालेलं असताना, ऐन वेळी बाहेरच्या बाकड्यावर बसवलं होतं, आतनं तिचा आवाज येत होता आणि मी बाहेर. तेव्हापासून मी तोंडी हो वर विश्वास ठेवत नाही, डॉक्टरांकडनं फाईलवर लिहून घेते.

बाई, माझी लेक पहिल्या बाळंतपणाला म्हायेरी आलीया. मी तीन पोरं काढल्याती, जावेची दोन बाळंतपणं केल्याती. आणि आता लेक म्हणती मला डुला पायजे, मोबाईलवर बघितलंय. म्हंजे आमी काय कामाच्या न्हाई व्हय? पैसं देऊन परकी बाई आणायची? जावईबापू बी हसत्यात. राग न्हाई, पर वाईट वाटलं.
— गारगोटीजवळ

मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वाईट वाटणारच हो. पण लेकीला तुम्ही नको आहात असं मला त्यात दिसत नाही, तिला बहुतेक भीती वाटतेय आणि ती तुम्हाला सांगून तुमचा जीव टांगणीला लावायचा नाही.

आता एक गंमत सांगते. हे डुला प्रकरण शास्त्रवाल्यांच्या डोळ्यात भरलं ते ग्वाटेमाला नावाच्या लांबच्या देशात. तिथल्या सरकारी दवाखान्यात बाया एकट्याच बाळंत व्हायच्या, घरचं कुणी आत नाही. काही बायांजवळ त्यांनी एक साधी बाई बसवली, शिकलेली नाही, ओळखीची पण नाही, तिनं फक्त जवळ बसायचं, पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचं. १९८० साली ते छापून आलं, ज्यांच्याजवळ ती बाई होती त्यांचा कळांचा वेळ निम्म्याहून कमी निघाला. लहानसा अभ्यास होता तो, पण नंतर मोठे झाले, २०१७ साली सगळे एकत्र करून बघितले तेव्हा १७ देशातल्या १५ हजारांवर बायका त्यात होत्या, आणि निम्मा वगैरे नाही पण सरासरी चाळीसेक मिनिटांनी वेळ कमी आणि सिझर पण कमी, असं निघालं. आणि जवळची बाई घरातली असली तर बाळंतीण नंतर जास्त समाधानी दिसली. म्हणजे बघा मावशी, जे मी पैसे घेऊन करते ते तुम्ही जावेसाठी फुकट केलंय.

फरक कुठं पडतो ते पण सांगते, राग मानू नका. आई असली की लेकीची कळ बघवत नाही, आणि मग तोंडातनं निघतं "आमच्या वेळेला असलं काय न्हवतं", "एवढ्यात वरडायलीस?", नाहीतर आईच डोळे पुसत बसते. लेक मग कळ सोडून आईकडं बघते. तेवढं सांभाळायचं. कळ आली की बोलायचं नाही, दाबायचं. कळ गेली की पाणी द्यायचं आणि "ही गेली बघ" एवढंच म्हणायचं.

सरकारी दवाखान्यात करणार असाल तर केंद्र सरकारनं २०१६ सालीच सांगितलंय की बाळंत होणाऱ्या बाईजवळ एक सोबतीण आत राहू शकते, शक्यतो घरातली आणि स्वतः बाळंत झालेली. म्हणजे तुमच्यासारखीच. एकीलाच आत घेतात, मग माझ्यापेक्षा तुम्हीच जा, खरंच सांगते. एखाद्या डुलाला दोन दुपारी घरी बोलवा, तिनं तुम्हा मायलेकींना दोघींना शिकवावं, दाबायचं कुठं, बसवायचं कसं, आणि बाहेर पडावं. मी असं दोन घरात केलंय.

बाळंतपणानंतरचं राज्य तर तुमचंच. डिंकाचे लाडू, आळीवाची खीर, तेल लावणं, सगळं करा. फक्त शेगडी दारं-खिडक्या बंद करून ठेवू नका, कोळशाचा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. बाळाला मधाचं बोट वर्षभर नको. आणि पहिला चीक पिळून टाकायचा नाही, तासाभरात बाळ छातीला लावायचं, हे लेकीपेक्षा घरातल्या इतर म्हाताऱ्यांना तुम्हीच ठणकावून सांगा, तुमचं ऐकतील.

मॅडम, मिसेसला नववा लागलाय. मला आत थांबायची इच्छा आहे पण रक्त बघितलं की चक्कर येते, मागावर एकाचं बोट कापलं तेव्हा मीच पडलो होतो. मित्र म्हणतात बाप्यानं आत जायचं नसतंय. आत जाऊन मी करू काय?
— इचलकरंजी

दादा, मित्रांचं सोडा, त्यातले किती जण बाहेर तंबाखू मळत उभे होते ते त्यांच्या बायकांना विचारा. आधी चौकशी करा की आत सोडतात का, खाजगीत बऱ्याच ठिकाणी सोडतात, सरकारीत पडदे-आडोसा असेल तिथं नवऱ्यालाही घ्यायला हरकत नाही असं नियमात आहे पण जागा बघून ठरतंय.

चक्कर येणाऱ्यानं डोक्याकडं बसायचं. बसायचं, उभं राहायचं नाही. जायच्या आधी पोटभर खाऊन घ्या, उपाशी माणूस हमखास पडतो. तिच्या कपाळाजवळ तुमचं तोंड, पाय कुठं आहेत तिकडं बघायचं कारणच नाही. आणि शेवटचा भाग सोडला तर तासन् तास रक्ताचा संबंधच नसतो, नुसत्या कळा असतात. त्यात तुमच्यासारख्या माग चालवणाऱ्याच्या तळव्यांचा फार उपयोग, कमरेच्या दोन्ही बाजूंनी तळवे लावून आत दाबायचं, ती म्हणेल "अजून जोरात". घरी आत्तापासून सराव करा. तिच्या हातात हात देताना दोनच बोटं द्या, पूर्ण पंजा दिला तर चुरा करते. मोबाईल बंद. "झालं झालं, थोडंच राहिलं" असं सारखं म्हणू नका, तुम्हाला काय माहीत किती राहिलंय!

इथं माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका बाळंतपणात मी एवढी पुढं पुढं केली की पाठ मीच दाबतेय, पाणी मीच देतेय, सगळं मीच. महिन्याभरानं ती भेटली तर म्हणाली, "ताई, सगळं छान झालं हो, पण त्या टायमाला हे कुठं होते ते मला आठवतच नाही." तो बिचारा पूर्ण वेळ खिडकीपाशी पिशवी धरून उभा होता. तेव्हापासून नवरा आत असला की मी त्याच्या मागं उभी राहते, त्याचे हात कुठं ठेवायचे तेवढं सांगते.

एक बाई 'नॉर्मलची गॅरंटी' असं पॅकेज सांगतात. निम्मे पैसे आधी. घ्यावं का?
— ताराबाई पार्क

नाही. गॅरंटी डॉक्टर देत नाहीत, मी कोण, त्या कोण. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात साधारण चारातलं एक बाळंतपण सिझर होतं, त्यात गरज नसलेली असतील तशी जीव वाचवणारी पण आहेत, आणि आपलं कुठल्या बाजूला पडणार ते आधी कुणी सांगू शकत नाही. डुलासाठी आपल्याकडं सरकारी नोंदणी नाही, कोर्स खाजगी असतात, त्यामुळं चौकशी आपणच करायची. किती बाळंतपणात बसलात, त्याच वेळी दुसरीच्या कळा सुरू झाल्या तर माझ्याकडं कोण येणार, सिझर ठरलं तर तुम्ही थांबणार की निघणार, बाळंतपणानंतर किती वेळा येणार, आणि तुम्ही काय करत *नाही*. ह्या शेवटच्या प्रश्नाला जी अडखळते तिला नमस्कार करून चहा पाजून पाठवून द्या.

ताई, बाळ पायाळू आहे, डॉक्टरांनी ३९ व्या आठवड्यात सिझरची तारीख दिली. डुला आधीच ठरवली होती, आता कॅन्सल करू ना? शेजारच्या आजी म्हणतात एक बाई पोट चोळून बाळ फिरवून देते.
— कागल

आधी आजींचं. नको. कुणालाही पोट चोळून बाळ फिरवू द्यायचं नाही, वार सुटू शकते, नाळेचा घोटाळा होऊ शकतो. बाहेरून बाळ फिरवायचा प्रकार डॉक्टर स्वतः करतात, सदतीसाव्या आठवड्याच्या आसपास, सोनोग्राफी लावून, ठोके बघत आणि गरज पडली तर लगेच ऑपरेशन करता येईल अशा जागी. तुझ्या बाबतीत चालण्यासारखं आहे का ते डॉक्टरांनाच विचार, नाही म्हणाले तर का ते पण विचार, आणि मग विषय सोडून दे.

डुला कॅन्सल करू नको, फक्त काम बदलेल. मणक्यातलं इंजेक्शन दिल्यावर तू जागी असतेस, दुखत नाही पण ओढाताण जाणवते, कुणीतरी आत पिशवी शोधल्यासारखं, हे आधी माहीत नसलं की बायका घाबरतात आणि दुखतंय असंच समजतात. अंग थरथरतं, ते पण नेहमीचं. बाळ ठीक असेल तर टेबलवरच तुझ्या छातीला लावता येईल का, नाहीतर नवऱ्याच्या उघड्या छातीवर ठेवता येईल का, ते आदल्या दिवशी विचारून ठेवायचं. खरी गरज नंतर पडते. टाक्यांमुळं बाळ पोटावर घेऊन पाजता येत नाही, मग कुशीवर झोपून, नाहीतर काखेत कळशी घेतो तसं बाळ धरून पाजायचं. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, हाताचा रेटा देऊन बसायचं. खोकला, शिंक, हसू आलं की टाक्यांवर उशी दाबायची. हसू येतंच, कारण भेटायला येणारी माणसं काय वाटेल ते बोलतात. पोराचं नाव विचारायच्या आधी "नॉर्मल का सिझर?" विचारतात, जसं काय मार्कलिस्टच मागतात. त्यांना मऊ भात वाढायला लाव.

मॅडम, माझी तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आहे. आमचं गाव दर मोठ्या पुराला पाण्यात. डुला ठरवली आणि रस्ताच बंद झाला तर?
— आंबेवाडी

हा प्रश्न कोल्हापुरातच पडू शकतो आणि अगदी बरोबर पडलाय. रस्ता बंद झाला तर डुला येणार नाही, पाण्यातनं पोहत कुणी येत नसतंय, म्हणून डुलाच्या भरवशावर न राहता तूच आधी हल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तू ३९ ची वाटच बघायची नाही. जुलैच्या मध्यालाच शहराच्या उंच भागात कुणी पाहुणे असतील त्यांच्याकडं जाऊन राहा, आणि पाहुणे निवडताना त्यांच्या घरापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेत नदी-ओढा लागत नाही ना ते बघ. गावाबरोबर सोनतळीला, पुनर्वसनाच्या जागेवर, जायचा विचार असेल तर तो शेवटचा पर्याय ठेव, तिथनं परत शहरात येणं हा वेगळा घोर. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, त्यामुळं तिकडं पलीकडचा दवाखाना धरला असशील तर नदीच्या अलीकडचा पण एक बघून ठेव आणि तिथं एकदा तपासून फाईल करून घे, नुसता नंबर घेऊन उपयोग नाही. गावातल्या आशाताईंना तारीख सांगून ठेव, हलवायच्या यादीत तुझं नाव पहिलं येतं. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी फुकट, आणि एकदम अडलं तर १०८.

फाईल, आधारकार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गाठ मारून. सुती कपडे, दुपटी, टोपरं वेगळ्या पिशवीत. आणि पॉवर बँक, चार्ज केलेली. हे अनुभवानं सांगते. २०२१ च्या पुरात माझी एक बाई पाण्याच्या पलीकडं, मी अलीकडं, तिच्या नणंदेनं फोन स्पीकरवर ठेवला आणि मी इथनं दम मोजत होते, लाईट नव्हती, मला फक्त पाऊस आणि तिचा श्वास ऐकू येत होता. नणंद अधूनमधून "ताई, आता काय करू" विचारायची, मी म्हणायची कमरेवर दाब. सव्वादोन तास तसं चाललं, मग एका मोठ्या कळेच्या मधेच तिची बॅटरी संपली. मुलगी झाली ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.